स्टाफला विचारून बदललेलं अप्रेझल: सोलापूरच्या एका इन्चार्ज सिस्टरचा अनुभव

पाचपैकी चार तारे देते. अर्धा तारा अ‍ॅपमुळे कापला आणि अर्धा एका चुकीमुळे, जिचा त्रास आमच्या एका तरुण टेक्निशियनला झाला. दोन्हींबद्दल खाली लिहिलं आहे.

मी सोलापुरातल्या एका खासगी हॉस्पिटलमध्ये फीमेल मेडिसिन वॉर्डची इन्चार्ज आहे. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) होऊन २२ वर्षं झाली, त्यातली ११ याच वॉर्डात गेली. मागच्या वर्षी आमच्या व्यवस्थापनाने बाहेरच्या एका सल्लागार संस्थेला बोलावून स्टाफच्या अप्रेझलची, म्हणजे वर्षभराच्या कामाच्या मूल्यमापनाची, पद्धत बदलून घेतली. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही आणि संस्थेचंही नाही, कारण मला कौतुकही करायचं आहे आणि तक्रारही. ज्यांच्याकडे एनएबीएचची (हॉस्पिटलच्या दर्जाच्या मान्यतेची) तयारी चालू आहे आणि जे अशी सेवा घ्यायचा विचार करताहेत, त्या मेट्रन आणि एचआरच्या लोकांसाठी हे सविस्तर लिहिते.

जुनी पद्धत आधी सांगते. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात एचआरकडून फॉर्मचा गठ्ठा यायचा. माझ्याकडे १४ सिस्टर, २ ब्रदर, ३ मावशी, म्हणजे १९ फॉर्म. प्रत्येक फॉर्मवर १० रकाने: वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा, वागणूक, कामाची आवड वगैरे. प्रत्येकाला १ ते ५ मार्क. राऊंड, इंडेंट, डिस्चार्ज, कॅशलेसची कागदपत्रं यांतून दिवसा वेळ मिळायचा नाही. मी गठ्ठा घरी न्यायचे आणि रात्री जेवणं उरकल्यावर एका बैठकीत १९ च्या १९ फॉर्म भरायचे. कुणी गेल्या आठवड्यात न सांगता नाइट बुडवली असेल तर तेच डोळ्यांपुढे असायचं. तिनेच पावसाळ्यात डेंग्यूच्या गर्दीत लागोपाठ सहा नाइट काढल्या होत्या, हे त्या वेळी आठवायचं नाही. बहुतेकींना ३, काहींना ४. कुणाला ५ दिले तर वरून विचारणा व्हायची, २ दिले तर सिस्टर डोळे पुसत यायची. मग सही. 'इथे सही कर गं,' म्हटलं की वर काय लिहिलंय ते न वाचता सगळ्या सही करायच्या.

एनएबीएचच्या मानकांत मनुष्यबळाचं स्वतंत्र प्रकरण आहे आणि स्टाफचं ठरावीक काळाने मूल्यमापन झालं पाहिजे असं त्यात सांगितलं आहे. ते आमच्याकडे होत होतं. एनएबीएचचे तपासनीस (असेसर) आले की फाइल काढून दाखवता यायची. पण त्या फाइलमुळे माझ्या वॉर्डातली एकही सिस्टर तिचं काम अधिक चांगलं करू लागली, असं मला २२ वर्षांत एकदाही दिसलं नाही.

संस्थेकडून एक मॅडम आणि त्यांच्या हाताखालचा एक मुलगा आला. पहिली बैठक दुपारी ३ वाजता कॉन्फरन्स हॉलमध्ये ठेवली होती. आलो कोण? आम्ही इन्चार्ज, मेट्रन मॅडम आणि ऑफिसचा स्टाफ. त्या मॅडमनी पहिलाच प्रश्न विचारला, "नाइटवाल्या सिस्टर कुठे आहेत?" कुणीतरी म्हणालं, झोपल्या असतील. "बरोबर आहे, झोपू द्या. मीच रात्री येते."

आणि खरंच आल्या. रात्री साडेदहाला, दहाची औषधं देऊन झाल्यावर, आमच्या पॅन्ट्रीत स्टुलावर येऊन बसल्या. मावशींनी डब्यातली कडक भाकरी आणि शेंगाची चटणी पुढे केली, ती त्यांनी खाल्ली. बेल वाजली की सिस्टर उठून जायची, परत येऊन बोलणं पुढे चालू करायची. तीन आठवड्यांत त्या अशा पाच रात्री येऊन बसल्या. या एका गोष्टीसाठी मी त्यांना पूर्ण मार्क देईन.

त्यांनी फॉर्म कसा वाटतो, समाधानी आहात का, असलं काही विचारलं नाही. प्रश्न एकच होता: "गेल्या वर्षभरात तुम्ही मन लावून केलेलं असं कुठलं काम आहे, जे फॉर्मवर कुठेच आलं नाही?"

मी २२ वर्षांत हा प्रश्न कुणाला विचारलेला नव्हता. पहिल्या रात्री दोघी-तिघी नुसत्याच एकमेकींकडे बघत बसल्या. मग एक मावशी बोलल्या. बेडपॅन द्यायला गेलं की पेशंटची पाठ आणि टाचा बघते, लाल दिसलं की सिस्टरना सांगते. बेडसोर सुरू होण्याआधी बऱ्याचदा त्यांच्याच नजरेला पडतो, हे मला माहीत होतं. त्यांच्या फॉर्मवर मात्र रकाने होते स्वच्छता, आज्ञाधारकपणा, गणवेश. एक ब्रदर म्हणाला, ड्युटीवर आलो की क्रॅश कार्ट (तातडीच्या औषधांची ट्रॉली) आणि ऑक्सिजन मी स्वतः तपासतो, यादीवर सही असली तरी. आणि मग आमच्यातली एक सिस्टर बोलली, तिचं ऐकून मला त्या रात्री झोप आली नाही.

सोलापूरबाहेरच्यांना कळावं म्हणून सांगते. आमच्या शहरात पुष्कळ घरांत तेलुगू किंवा कन्नड बोलतात. पूर्व भागात विणकर आणि विडी कामगारांची वस्ती आहे, तिथल्या वयस्कर बायकांना कामापुरतं मराठी येतं, पण दुखणं सांगायची वेळ आली की तेलुगूच तोंडात येतं. अक्कलकोटकडून येणाऱ्या पेशंटचं कन्नड. ही सिस्टर तेलुगू घरातली, कन्नडही छान बोलते. त्यामुळे वॉर्डात कुणाचं काही अडलं की तिला हाक. दुसऱ्या वॉर्डातून फोन, कॅज्युअल्टीतून फोन, डॉक्टर राऊंडला आले तरी तीच.

ती सांगत होती तो प्रसंग माझ्यासमोरच घडला होता. एक ६० वर्षांची विडी वळणारी बाई, शुगर फार वाढून अ‍ॅडमिट झालेली, डिस्चार्जला इन्सुलिन लिहिलेलं. घरी फ्रिज नाही. एप्रिल महिना, सोलापूरचं ऊन. समरीत लिहिलं होतं तसं 'इन्सुलिन फ्रिजमध्ये ठेवा' असं सांगून कुणीही मोकळं झालं असतं. ही सिस्टर तिच्याशेजारी पलंगावर बसली. बाईंचं जवळचं कमी दिसतं हे तिच्या लक्षात आलं, मग सिरिंजवरची रेघ सुनेला दाखवली, रिकाम्या सिरिंजमध्ये पाणी भरून तिच्याकडून चारदा करून घेतलं. घरात दोन मडकी आहेत का विचारलं. मोठ्या मडक्यात थोडं पाणी, त्यात लहान मडकं, त्यात प्लास्टिकच्या डबीत इन्सुलिनची बाटली, वर ओलं फडकं, आणि सगळं घरातल्या गार कोपऱ्यात. इंजेक्शन घेऊन जेवण चुकवलं तर काय होतं, घाम आणि थरथर सुटली तर आधी साखर तोंडात टाकायची, हे सगळं तेलुगूत, अम्मा अम्मा करत. ४० मिनिटं गेली. तेवढ्यात बारा वाजताचे टीपीआर (ताप, नाडी, श्वास) चार्ट मागे पडले आणि सिनियर डॉक्टर राऊंडला आल्यावर मी तिला बोलले.

त्या वर्षीच्या फॉर्मवर 'वेळेचं नियोजन' या रकान्यात मी तिला २ दिले होते. ती बाई पुन्हा शुगरसाठी अ‍ॅडमिट झाली नाही. ओपीडीत येते, सिस्टरला भेटून जाते. पॅन्ट्रीत ती सिस्टर एवढंच म्हणाली, "त्या २ मार्कांचं मला वाईट वाटलं नाही मॅडम. पण भाषेचं काम काम म्हणून कुठे लिहिलेलंच नाही ना." मी तिथेच बसलेले होते.

यानंतरचा टप्पा मला या सेवेतला सगळ्यात मोलाचा वाटला. मॅडमनी सांगितलं की १९६३ साली अमेरिकेत पॅट्रिशिया स्मिथ आणि केंडॉल या दोघांनी मूल्यमापनाची एक पद्धत मांडली, आणि ती बसवली होती हेड नर्सेसना विचारून. म्हणजे आमच्यासारख्या इन्चार्जना. 'चांगलं', 'बरं', 'वाईट' असे शब्द प्रत्येक जण आपापल्या मनाप्रमाणे वाचतो. म्हणून शब्दांच्या जागी प्रत्यक्ष वागणं लिहायचं, आणि ते त्याच कामातल्या लोकांनी लिहायचं. एका गटाने प्रसंग लिहायचे, दुसऱ्या गटाने, कुठला प्रसंग कुठल्या गुणाचा हे त्यांना न सांगता, ते त्या त्या गुणाच्या ढिगात टाकायचे. ज्या चिठ्ठीवर एकमत होत नाही, ती बाद.

आम्ही नेमकं तेच केलं. आयसीयू आणि माझ्या वॉर्डाने मिळून १४० च्या आसपास चिठ्ठ्या लिहिल्या, सर्जिकल वॉर्ड आणि कॅज्युअल्टीच्या सिस्टरनी त्या लावल्या. 'पेशंटशी प्रेमाने वागते' ही चिठ्ठी पाच जणींनी पाच ढिगांत टाकली, गेली. 'टीमवर्क चांगलं' गेलं. उरलं ते असं: सलाईनच्या जागेबद्दल सगळ्यात वरची पायरी 'दर ड्युटीला स्वतः बोट लावून बघते, लाली किंवा सूज दिसली की पेशंटने सांगायच्या आधी कॅन्युला काढते, तारीख-वेळ लिहिते'. मधली पायरी 'पेशंटने दुखतं म्हटल्यावर बघते'. खालची 'पुढच्या ड्युटीला हँडओव्हरमध्ये सांगते, स्वतः काढत नाही'. हे वाचल्यावर कुठलीही सिस्टर स्वतःच सांगते, मी मधल्या पायरीवर आहे मॅडम. वाद घालायची वेळच येत नाही.

भाषेचा रकाना नवीन आला. मावशींच्या फॉर्मवर पेशंटची पाठ-टाचा बघणं आलं. ब्रदरचं क्रॅश कार्टही आलं.

एका मुद्द्यावर स्टाफ आणि व्यवस्थापन यांची ओढाताण झाली. स्टाफचं म्हणणं होतं की चूक किंवा होता होता टळलेली चूक स्वतःहून कळवली तर मार्क कापू नका. आमच्याकडे एकदा रात्री दोनला एका सिस्टरने सारख्या दिसणाऱ्या औषधाच्या दोन बाटल्यांमधली (व्हायल) चुकीची उचलली होती. औषध भरताना लेबल वाचलं, थांबली, टाकून दिलं. पेशंटला काही झालं नाही, कुणाला कळलंही नसतं. तिने रजिस्टरमध्ये लिहिलं, आणि सकाळी तिच्या हातात मेमो पडला. पुढे त्या रजिस्टरमध्ये कुणीच काही लिहीना. मॅडमनी बैठकीत एमी एडमंडसन या अमेरिकी संशोधिकेचा अभ्यास सांगितला. हॉस्पिटलमधल्या नर्सिंग टीम आणि औषधांच्या चुका असा विषय. चांगल्या टीममध्ये चुका कमी असतील असं त्यांना वाटलं होतं, आकडे आले उलटे. बारकाईने पाहिल्यावर कळलं की चांगल्या टीमची माणसं चुका मोकळेपणाने सांगत होती, बाकीच्या ठिकाणी त्या दडवल्या जात होत्या. १९९६ मध्ये ते छापून आलं. एवढं ऐकल्यावर आमच्या वैद्यकीय संचालकांनी होकार दिला. आता 'टळलेली चूक त्याच ड्युटीत लिहून ठेवते आणि बाकीच्यांना सावध करते' ही वरची पायरी आहे. त्या दोन व्हायलची कपाटातली जागा बदलली, हे काम रजिस्टरमुळेच झालं. मेमो मात्र त्या सिस्टरच्या फाइलमध्ये अजून आहे. तो काढायला हवा, असं मी दोनदा बोलले आहे.

आता मला मिळालेल्या अभिप्रायाबद्दल. नव्या पद्धतीत स्टाफही इन्चार्जबद्दल लिहितो, नाव न घालता. माझ्या १९ पैकी १६ जणांनी लिहिलं. ड्युटी लावताना समान न्याय, अडचणीत पाठीशी उभ्या राहतात, ऑफ शक्यतो कापत नाहीत, असं बरंच चांगलं होतं. आणि ९ जणांनी वेगवेगळ्या शब्दांत एकच गोष्ट लिहिली होती: राऊंडच्या वेळी पेशंटसमोर ओरडतात. एकीने लिहिलं होतं, 'त्यानंतर दिवसभर तो पेशंट माझ्याकडून इंजेक्शन घ्यायला घाबरतो.' हे वाक्य मला फार लागलं. माझ्या हाताखाली शिकलेल्या मुलींनी हे मनात ठेवलं होतं आणि मला पत्ताच नव्हता. मी घरी जाऊन रडले, खरं सांगते. दुसऱ्या आठवड्यात हँडओव्हर झाल्यावर सगळ्यांसमोर म्हटलं, हे मी वाचलं, बरोबर आहे, यापुढे बोलायचं ते ड्युटी रूममध्ये. दोनदा चुकले आहे. दोन्ही वेळा एका ज्युनियर सिस्टरने हळूच खूण केली.

पैशांची बोलणी आणि कामाची बोलणी वेगळी केली, हेही चांगलं झालं. इन्क्रिमेंट एप्रिलमध्येच, पण कामाबद्दल दर तीन महिन्यांनी १५-२० मिनिटं समोरासमोर बसायचं. समोर वाढीचा आकडा नसला की माणूस आपल्याला काय येत नाही ते सांगतो. एका सिस्टरने सहा वर्षांत पहिल्यांदा सांगितलं की तिला एबीजीचा (रक्तातल्या वायूंच्या तपासणीचा) रिपोर्ट वाचता येत नाही. वेळापत्रकाचा मात्र घोळ झाला. जानेवारीची फेरी नेमकी गड्ड्याच्या दिवसांत ठेवली. सिद्धेश्वरांच्या यात्रेत, नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या दिवशी, सोलापुरात कुणाला सुट्टी नको असेल? अर्धा स्टाफ रजेवर, उरलेला डबल ड्युटीवर. पुढे ढकलत ढकलत फेब्रुवारी उजाडला.

आता तक्रारी.

अभिप्राय देण्यासाठी जे अ‍ॅप दिलं ते पूर्ण इंग्रजीत होतं. मावशी आणि वॉर्डबॉय मामा यांच्यापैकी कुणाला ते जमलं नाही. एका मावशीकडे स्वतःचा फोन नाही, ओटीपी मुलाच्या फोनवर, मुलगा कामावर. पहिल्या फेरीत त्यांच्या वतीने सुपरवायझरनेच फॉर्म भरले, म्हणजे सुपरवायझरबद्दलचा अभिप्राय सुपरवायझरनेच दिला. आम्ही ओरड केल्यावर मराठी छापील फॉर्म आणि बंद पेटी आली. सोलापुरात काम करायचं तर हे पहिल्या दिवशी हवं होतं. रात्री येऊन पॅन्ट्रीत बसणाऱ्या माणसांना हे सुचू नये, याचं वाईट वाटलं.

दुसरी चूक मोठी. नाव लिहायचं नाही असं सांगितलं, पण अहवाल विभागवार दिला. माझ्या वॉर्डात १९ माणसं, कोण काय बोललं ते सहज कळत नाही. एक्स-रेला टेक्निशियन तीन. त्यातल्या एकाने लिहिलं की किरणांपासून वाचवणाऱ्या लेड अ‍ॅप्रनला चिरा पडल्या आहेत, बदलून मिळत नाहीत. अंगावर किती किरणं पडली ते मोजणाऱ्या डोसिमीटर बॅजचे रिपोर्ट दाखवले जात नाहीत, हेही लिहिलं. दोन्ही रास्त मागण्या, त्याच्या जिवाशी संबंध असलेल्या. वाक्यं जशीच्या तशी छापली गेली आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या वरिष्ठांनी सगळ्यांसमोर विचारलं, "तूच लिहिलंस ना?" अ‍ॅप्रन नवे आले, पण त्या मुलाने पुढच्या फेरीत कोरा कागद पेटीत टाकला. संस्थेने माफी मागितली आणि आता वाक्यं स्वतःच्या शब्दांत मांडून देतात. तरीही अशी सेवा घेणाऱ्यांनी आधीच लेखी ठरवून घ्यावं: लहान विभागाचा वेगळा अहवाल नको.

आणि डॉक्टर या सगळ्यातून बाहेर आहेत. स्टाफला सर्वांत जास्त बोलायचं होतं ते डॉक्टर फोनवर सांगतात त्या ऑर्डरबद्दल आणि नंतर 'मी सांगितलंच नव्हतं' म्हणतात त्याबद्दल. पाचही रात्री हा विषय निघाला. अहवालात त्याला दोन ओळी मिळाल्या.

शेवटी या सगळ्याचा उपयोग झाला का, हे कसं मोजलं तेही लिहिते. इंग्लंडमध्ये एनएचएस (तिथली सरकारी आरोग्यसेवा) २००३ पासून दरवर्षी स्टाफचा सर्व्हे करते, त्यात अप्रेझलबद्दलही प्रश्न असतात: यामुळे काम सुधारायला मदत झाली का, पुढचं उद्दिष्ट नक्की झालं का, संस्थेला आपल्या कामाची किंमत आहे असं वाटलं का. तेच तीन प्रश्न मराठीत करून आमच्या वॉर्डात चिठ्ठीवर विचारले. कामाची किंमत आहे असं वाटलं म्हणणारे १९ पैकी १४. उद्दिष्ट कळलं म्हणणारे १२. काम सुधारायला मदत झाली म्हणणारे फक्त ८. बाकीच्यांनी लिहिलं की काय कमी आहे ते कळलं, पण शिकवणार कोण? एबीजीचा वर्ग जाहीर झाला तो अजून व्हायचा आहे. पंचिंग मशीनशेजारी आता फळा लावला आहे: स्टाफने काय मागितलं, काय झालं, कधी झालं. जे जमणार नाही तेही कारणासकट लिहितात. 'पाळणाघर: यंदा नाही, जागा नाही' असं स्पष्ट लिहिलेलं आहे, आणि त्यावर कुणी चिडलेलं मी ऐकलं नाही. एबीजीच्या ओळीसमोरची तारीख मात्र दोनदा खोडली गेली आहे.

जुलैमध्ये त्या मॅडम परत येणार आहेत. एक्स-रे, लॅब आणि ओटीचे टेक्निशियन मिळून ११ जणांचा एकच गट करा, असं मी लेखी दिलं आहे. डॉक्टरांचा विषयही लिहून दिला आहे. त्या एक्स-रेच्या मुलाला म्हटलं, तू माझ्या शेजारी येऊन बस, बोलायचं नसेल तर नको बोलूस. तो येतो म्हणाला.